दीड कोटी लोकांसमोर बोललेलं गुपित

शाळेत असताना ‘च’ची भाषा बोलला असालच. ‘मला घरी जायचं’ असं सरळ न म्हणता ‘चलाम चरीघ चायचंज’ म्हणायचं. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. बाई फळ्याकडे वळल्या, की मागच्या बाकावर ही भाषा सुरू. पकडले गेलात तर जास्तीत जास्त काय, वर्गाबाहेर उभं राहायचं!

आता जरा वेगळी कल्पना करा. तुमच्या मनातलं तुम्ही साध्या भाषेत बोललात, तर थेट तुरुंग. नोकरी जाणार, पेपरात नाव छापून येणार, घरचे तोंड फिरवणार. आणि मनात तरी असं भयंकर काय असतं? समोरच्या बसस्टॉपवर उभा असलेला मुलगा छान दिसतोय, एवढंच.

१९५०च्या दशकातल्या लंडनमध्ये गे पुरुषांची ही रोजची गोष्ट होती. म्हणून त्यांची स्वतःची एक बोली होती. तिचं नाव पोलारी. आणि ही चोरून बोलायची बोली ज्याने थेट बीबीसी रेडिओवर आणली, अख्ख्या देशाला रविवारी दुपारी जेवणानंतर पोट धरून हसवलं, तो माणूस म्हणजे केनेथ विल्यम्स. त्याची गोष्ट नुसती गमतीची असती तर बरं झालं असतं. पण ती तशी नाही.

सलूनवाल्याचा पोरगा

केनेथचा जन्म २२ फेब्रुवारी १९२६चा, लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातला. वडील चार्ली सलून चालवायचे. कडक शिस्तीचे, धार्मिक वळणाचे. पोराने हाताला काहीतरी खरं काम शिकावं, नाटकबिटक ही पुरुषाची कामं नव्हेत, असं त्यांचं स्पष्ट मत. आई लुई मात्र हसरी, बोलकी. केनेथ आयुष्यभर आईचाच राहिला.

वडिलांचं ऐकून तो नकाशे काढायला शिकला. लंडनमधल्या एका नामांकित नकाशा-कंपनीत उमेदवारी करू लागला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. १९४४मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला सैन्यात बोलावलं गेलं. तिथंही कामगिरी नकाशांचीच. युद्ध संपलं तेव्हा तो श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये होता. मग त्याने सैनिकांचं मनोरंजन करणाऱ्या पथकात बदली मागून घेतली आणि सिंगापूरला स्टेजवर उभा राहिला. पुढे ऑस्कर मिळवणारा दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर आणि नाटककार पीटर निकोल्स हे त्याच पथकातले त्याचे सोबती. म्हणजे बघा, कॉलेजच्या एकांकिकेत आपल्याला जसा ग्रुप सापडतो, तसा त्याला तो बराकीत सापडला.

या दिवसांत दोन गोष्टी त्याला कायमच्या चिकटल्या. एक, डायरी लिहायची सवय. ती तो मरेपर्यंत रोज लिहीत राहिला. दुसरी, पोलारी. १९४०च्या दशकातल्या त्याच्या डायरीतच या बोलीचे शब्द सापडतात. तो तेव्हा जेमतेम विशीतला होता.

पोलारी म्हणजे नेमकं काय?

पोलारी एका माणसाने बसून बनवली नाही. जत्रेतले खेळकरी, सर्कसवाले, बाहुल्यांचे खेळ करणारे, बंदरावरचे खलाशी, फिरत्या नाटक कंपन्या, चोर-भुरटे अशा सगळ्यांच्या तोंडची बोली झिरपत झिरपत आली होती. तिच्यात इटालियन होतं, रोमानी लोकांची भाषा होती, ज्यूंची यिडिश होती. पोलारी हा शब्दच मुळात ‘बोलणे’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलाय.

काही शब्द बघा. बोना म्हणजे चांगला, छान. व्हाडा म्हणजे बघ. ओमी म्हणजे पुरुष, पलोन म्हणजे बाई. मग ओमी-पलोन म्हणजे? बरोबर ओळखलंत, गे पुरुष. लॅली म्हणजे पाय, लॅटी म्हणजे खोली किंवा घर. पोलिसाला त्यांनी नाव ठेवलं होतं लिली लॉ, जणू कुणी खडूस मावशीच. आणि नान्टी म्हणजे नको, नाही.

आपल्या ‘च’च्या भाषेसारखी उलटापालटही होती. इंग्रजीत केसांना ‘हेअर’ म्हणतात. त्याचं स्पेलिंग उलटं वाचलं की झालं ‘रिया’. ‘फेस’ म्हणजे चेहरा, तो उलटा केला की ‘एकाफ’, आणि घाईत बोलताना त्याचं झालं ‘ईक’.

वाक्याची रचना इंग्रजीच, मधले महत्त्वाचे शब्द तेवढे बदललेले. त्यामुळे बसमध्ये मागे बसलेल्या माणसाला वाटायचं, काहीतरी परदेशी गप्पा चालल्यात. व्हाडा म्हटलं की मित्राची मान वळायची. बोना ओमी म्हटलं की मित्र गालात हसायचा. आणि समोरून कुणी संशयी माणूस आला, तर दोनच शब्द पुरायचे. नान्टी पोलारी, म्हणजे गप्प बस!

आणखी एक युक्ती होती. मित्राबद्दल बोलताना ‘तो’ऐवजी ‘ती’ म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटणार, हा पोरीबद्दल बोलतोय. इंग्रजीत ही लपवाछपवी तुलनेने सोपी, कारण फक्त सर्वनाम बदललं की काम भागतं. आपल्या मराठीत किती अवघड गेलं असतं बघा! आला-आली, गेला-गेली, छान दिसतो-छान दिसते. प्रत्येक वाक्यात क्रियापद सांभाळायचं आणि एकदा जरी जीभ घसरली तरी सगळं उघडं.

पोलारीचा उपयोग लपण्यापुरता नव्हता, ओळख पटवण्यासाठीही होता. अनोळखी माणसाशी बोलताना सहज एखादा शब्द पेरायचा. त्याने प्रतिसाद दिला तर तो आपल्यातला. नाही दिला तर विषय बदलायचा, कुणाचं काही बिघडत नाही. प्रवासी जहाजांवर काम करणाऱ्या वेटर आणि स्ट्यूअर्ड मंडळींमध्ये तर ही बोली सर्रास चालायची. समुद्रावर ती जमिनीपेक्षा जास्त मोकळी होती.

भीती कसली होती?

ती भीती उगाच नव्हती. १८८५च्या एका कायद्याने ब्रिटनमध्ये पुरुषांमधल्या कुठल्याही शारीरिक जवळिकीला दोन वर्षांपर्यंत कैद ठरवून दिली होती. घराच्या चार भिंतींआड घडलेली गोष्टही त्यातून सुटत नव्हती. लेखक ऑस्कर वाइल्डला १८९५मध्ये याच कायद्याखाली शिक्षा झाली. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना अॅलन ट्युरिंग माहीत असेलच. युद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारा हा गणितज्ञ १९५२मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरला. तुरुंग टाळायचा तर हार्मोनचा उपचार घ्यावा लागेल, असं त्याला सांगण्यात आलं आणि त्याने तो घेतला. पुढच्याच वर्षी थोर अभिनेते जॉन गिलगुड यांना अटक होऊन दंड झाला आणि बातमी पेपरात झळकली.

केनेथ तेव्हा त्याच नाट्यव्यवसायात धडपडत होता. १९५३मध्ये तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याने हे सगळं वाचलं असणार आणि आपलं नाव त्या जागी ठेवून पाहिलं असणार, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

ज्युलियन आणि सँडी

१९५४मध्ये त्याने बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’ नाटकात राजपुत्राचं काम केलं. ते एका रेडिओ निर्मात्याने पाहिलं आणि केनेथचा आवाज रेडिओवर आला. आवाज म्हणजे काय, अख्खी कसरत. एका वाक्यात राजवाड्यातला खानदानी माणूस आणि पुढच्याच वाक्यात किंग्ज क्रॉसच्या गल्लीतला पोरगा. नाकपुड्या फुगवून असा काही स्वर ओढायचा, की शब्द कळायच्या आधीच लोक हसायचे. पुढे ‘कॅरी ऑन’ या तुफान चाललेल्या विनोदी चित्रपट मालिकेतल्या २६ सिनेमांत त्याने काम केलं. ब्रिटनमध्ये त्याचा चेहरा पोराटोरांनाही माहीत झाला.

आणि मग मार्च १९६५मध्ये बीबीसी रेडिओवर ‘राउंड द हॉर्न’ सुरू झालं. सूत्रधार केनेथ हॉर्न, अगदी सभ्य, कोट-टायमधला गृहस्थ. लेखक बॅरी टूक आणि मार्टी फेल्डमन. दर आठवड्याला या सभ्य गृहस्थाने कुठल्यातरी दुकानात शिरायचं आणि तिथे त्याला भेटायचे ज्युलियन आणि सँडी. काम नसलेले दोन नट, पोटासाठी रोज नवा धंदा काढलेले. कधी पुस्तकांचं प्रकाशन, कधी वकिली. आणि धंद्याच्या नावात पहिला शब्द कुठला? बोना!

ज्युलियन झाला ह्यू पॅडिक आणि सँडी झाला केनेथ. दोघंही खऱ्या आयुष्यात गे. दोघांना पोलारी कुणी शिकवायची गरजच नव्हती.

याची हिंमत कळायला एक गोष्ट लक्षात घ्या. १९४९मध्ये बीबीसीने आपल्या लेखक-निर्मात्यांसाठी एक नियमपुस्तिका काढली होती. बायकी पुरुषांवरचे विनोद त्यात स्पष्टपणे मना होते. काळ थोडा सैलावला होता, पण कायदा तोच होता. आणि इथे दोन गे नट गे माणसांच्या भाषेत बोलत होते, तेही सगळं कुटुंब रेडिओभोवती बसतं त्या वेळेला. सुमारे दीड कोटी लोक हा कार्यक्रम ऐकायचे.

मग कुणी थांबवलं कसं नाही? इथेच खरी गंमत आहे. ज्यांना शब्द कळत नव्हते त्यांना ती नुसती वेडगळ बडबड वाटायची. ज्यांना कळत होते ते तक्रार कशी करणार? तक्रार करायची तर अर्थ माहीत आहे हे कबूल करावं लागणार. ज्या युक्तीने बसमध्ये दोन मित्र वाचत होते, त्याच युक्तीने रेडिओवर दोन नट वाचले.

कुठल्यातरी लहान गावात, आपल्यासारखं जगात दुसरं कुणी नाही असं समजून बसलेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. आई-वडील शेजारी बसून हसतायत. तोही हसतोय, पण त्याला कळतंय की हे दोघं आपले आहेत. आणि ते रडत नाहीयेत, पकडले जात नाहीयेत, मजेत आहेत, एकत्र आहेत. त्या काळच्या सिनेमा-नाटकांत असा माणूस बहुतेक वेळा शेवटी मरायचा किंवा तुरुंगात जायचा. ज्युलियन आणि सँडी मात्र पुढच्या रविवारी नवं दुकान थाटून हजर असायचे.

गुपित फुटलं, भाषा संपली

पण गुप्त भाषा दीड कोटी लोकांनी ऐकली, की ती गुप्त राहते का? शाळेतली पोरं बोना बोना करत फिरू लागली. दुकानात, ऑफिसात लोक ज्युलियन-सँडीची नक्कल करू लागले. ज्या शब्दांनी अनोळखी माणूस ‘आपला’ आहे की नाही ते कळायचं, ते शब्द आता सगळ्यांचेच झाले.

दुसरीकडे कायदाही बदलला. जुलै १९६७मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरील दोन पुरुषांमधले खासगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत. गंमत म्हणजे, सैन्य आणि व्यापारी जहाजांवरचे लोक यातून वगळले होते. म्हणजे पोलारी जिथे सगळ्यात मोकळी बोलली जायची, तिथे भीती तशीच राहिली. पण शहरातल्या नव्या पिढीला लपायचंच नव्हतं. १९७०नंतर रस्त्यावर मोर्चे काढणाऱ्या गे तरुणांना पोलारी जुनाट वाटू लागली. ही घाबरलेल्या काकालोकांची भाषा, आम्ही सरळ बोलणार, असा त्यांचा पवित्रा होता. तेही चूक नव्हते. ‘राउंड द हॉर्न’ १९६८मध्ये थांबलं, पुढच्या वर्षी केनेथ हॉर्न वारला आणि काही वर्षांत पोलारी जवळपास ऐकू येईनाशी झाली.

आणि केनेथ?

नवं जग आलं, पण केनेथला त्यात शिरता आलं नाही. त्याचा मित्र, नाटककार जो ऑर्टन, कायदा बदलायच्या आधीपासून बिनधास्त जगत होता. केनेथला ते कधीच जमलं नाही. आपण एकटेच राहतो, कुणाशी संबंध ठेवत नाही, असं तो मुलाखतीत सांगायचा. डायरी वाचली की कळतं, त्यात बरंचसं खरं होतं. त्याला प्रेम हवं होतं आणि कुणी जवळ आलं की तो मागे सरायचा. वडिलांनी, चर्चने आणि कायद्याने लहानपणी मनात जे घातलं, ते संसदेत मतदान झालं म्हणून एका रात्रीत निघून जात नाही.

त्याचा फ्लॅट जवळजवळ रिकामा असायचा. शेगडीवर प्लॅस्टिकचं आवरण. पाहुण्यांना तो आपलं टॉयलेट वापरू द्यायचा नाही. आई पुढे शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायला आली. रेकॉर्डिंगला ती प्रेक्षकांत बसायची. बाहेर तो ‘जस्ट अ मिनिट’ या रेडिओ खेळाचा हुकमी एक्का होता. न अडखळता, शब्द पुन्हा न उच्चारता, विषय न सोडता एक मिनिट बोलायचं, असा तो खेळ. लहान मुलांसाठी टीव्हीवर तो गोष्टी वाचायचा. बोलण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. घरी येऊन मात्र तो जे खरं बोलायचा ते कागदाशी.

१५ एप्रिल १९८८ला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो गेला. औषधाची मात्रा जास्त झाली होती. तो अपघात होता की त्याने स्वतःहून केलं, याचा निर्णय चौकशीत झाला नाही. मागे उरल्या चाळीसहून अधिक डायऱ्या. त्यांतला निवडक भाग १९९३मध्ये पुस्तकरूपात आला आणि हसवणाऱ्या माणसाच्या घरात किती शांतता होती, ते लोकांना पहिल्यांदा कळलं.

हे तुम्हाला का सांगायचं?

कारण ही गोष्ट तितकीशी लांबची नाही. ब्रिटिशांनी आपल्याकडेही असाच कायदा आणला, भारतीय दंडविधानाचं कलम ३७७. त्यांच्या देशात १९६७मध्ये बदल झाला. आपल्याकडे दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत होते. आणि गुप्त बोली आपल्याकडेही आहेत. हिजडा समुदायाची स्वतःची बोली आहे, तिला ते फारसी म्हणतात, पण इराणच्या फारसीशी तिचं काही नातं नाही. जिथे उघड बोलण्याची किंमत मोठी असते, तिथे माणसं नवे शब्द घडवतातच.

पोलारीतले काही शब्द अजून जिवंत आहेत. एखादी गोष्ट सजवून झकास करणं याला ‘झूश’ म्हणतात. ‘क्विअर आय’ पाहत असाल तर हा शब्द कानावरून गेलाही असेल. डेव्हिड बोवीने जानेवारी २०१६मध्ये आलेल्या आपल्या शेवटच्या अल्बममधल्या एका गाण्यात पोलारी वापरली. भाषा म्हातारी झाली, पण पुरती मेली नाही.

केनेथने सगळ्या देशाला आपली भाषा शिकवली. घरी ती बोलायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. भाषा नुसती असून चालत नाही, पलीकडे ऐकणारा लागतो. तुमच्या कट्ट्यावर, हॉस्टेलमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा एखादा मित्र असेल, जो सगळ्यांना हसवतो पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की विषय बदलतो. त्याला खोदून काही विचारू नका. फक्त त्याच्यासमोर कुणाची ‘तसला’ म्हणून टिंगल चालली असेल, तर तुम्ही त्यात हसू नका. तो ते बघत असतो. समोरचा आपला आहे की नाही, हे कळायला त्याला तेवढीच एक खूण पुरते. आणि कधीतरी, गुप्त शब्द न वापरता, साध्या मराठीत, तो स्वतःच बोलेल.